लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ

ज्युबिलीचा सोहळा जवळ आला म्हणजे देवळाला रंग देण्यात येतो, जुन्या नोंदवह्या काढून बाप्तिस्म्यांची व लग्नांची गणना करण्यात येते, आणि ज्या पूर्वजांनी पदरमोड करून हे देऊळ उभारले त्यांची कृतज्ञतेने आठवण काढण्यात येते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ह्या आनंदाच्या प्रसंगी एक प्रश्न आम्ही आमच्या मनास विचारावा, व तो वाचकांपुढेही ठेवावा, असे आम्हांस वाटते. उद्या हे देऊळ आमच्याकडून गेले, घंटा मुकी झाली, आणि तीस वर्षे कोणा धर्मगुरूचे दर्शनही घडले नाही, तर आमच्या घरांत ख्रिस्ताची श्रद्धा कितपत उरेल?

हा प्रश्न नुसत्या कल्पनेतला नाही. लंका बेटातील कॅथलिक लोकांवर सतराव्या शतकात नेमका असाच प्रसंग गुदरला होता. त्या वेळी त्यांच्या साह्यास जो धर्मगुरू धावून गेला तो युरोपातून आलेला नव्हता. तो आमच्याच कोकणपट्टीतला, गोव्याच्या सासष्टी प्रांतात जन्मलेला, कोकणी मातृभाषा असलेला एक अनवाणी पाद्री होता. त्याचे नाव जोसेफ वाझ. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो शहरी त्यांस संत म्हणून घोषित केले. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. कारण ईश्वरावर भरवसा ठेवणे म्हणजे काय, व तो भरवसा रोजच्या दिनक्रमात कसा उतरतो, हे त्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते तितके पुष्कळ उपदेशांवरूनही कळत नाही.

जन्म व विद्याभ्यास

जोसेफ वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आपल्या आजोळी, झाला. त्यांचे वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळ गावचे, व आई मारिया द मिरांदा ही बाणावलीची. सहा भावंडांत हे तिसरे. घराणे ब्राह्मण कुळातले, खाऊनपिऊन सुखी व धर्मनिष्ठ होते. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या देवळात त्यांस बाप्तिस्मा देण्यात आला. ज्या सासष्टीत ते वाढले, तेथेच राचोल येथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले होते. आपल्या देशभाषेत देवाचे गुणगान करण्याची गोडी त्या मातीत रुजलेली होती, व पुढे परक्या बेटात परक्या भाषा शिकताना ती ह्या सासष्टीकराच्या कामी आली असावी.

पोर्तुगीज भाषा ते सांकवाळच्या शाळेत शिकले व लॅटिन बाणावलीस. मुलाची बुद्धी पाहून वडिलांनी त्यास गोवा शहरी पाठविले. तेथे येशूसंघाच्या संत पॉल कॉलेजात त्यांनी साहित्याचा अभ्यास केला, व पुढे दोमिनिकन धर्मगुरूंच्या विद्यालयात तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान ह्यांचे अध्ययन केले. १६७६ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा मिळाल्यावर थोड्याच काळात त्यांनी पायांतील जोडे टाकले. गोरगरीब अनवाणी चालतात, तर त्यांच्या सेवकाने वेगळे का चालावे, हा त्यातला भाव. हे व्रत त्यांनी शेवटपर्यंत पाळले. उत्तम उपदेशक म्हणून त्यांची कीर्ती लवकरच पसरली. मोठमोठे लोक पापांची कबुली देण्यास त्यांच्याकडे येऊ लागले. शहरात मानमरातब मिळण्याचा मार्ग मोकळा होता. पण ते सांकवाळास परतले, व तेथे मुलांस लॅटिन शिकविण्यासाठी त्यांनी एक शाळा काढली.

५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या देवळात त्यांनी एक पत्र लिहिले. त्या पत्राने त्यांनी स्वतःस पवित्र मरियेचा कायमचा दास म्हणून वाहून दिले. त्या देवळाची आज केवळ दर्शनी भिंत उभी आहे. पत्र मात्र लोकांच्या स्मरणात राहिले. दास म्हणवून घेणे सोपे असते. परंतु दासाला आपले काम आपण निवडता येत नाही, ही गोष्ट त्या शब्दात आलीच. आणि पुढील आयुष्यात फादर वाझ ह्यांस हीच गोष्ट पुनःपुन्हा अनुभवावी लागली.

मागितले एक, मिळाले दुसरे

ह्या सुमारास लंकेतील कॅथलिकांच्या दुर्दशेची वार्ता गोव्यात येत होती. पोर्तुगिजांच्या अमलात त्या बेटाच्या किनाऱ्यावर हजारो लोक ख्रिस्ती झाले होते. परंतु डच लोकांनी १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना घेतले, तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंस त्यांनी हाकून दिले. देवळे आपल्या सुधारित पंथासाठी ताब्यात घेतली. कॅथलिक धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहान्त शिक्षेचा धाक घातला. आत डोंगराळ मुलखात कँडीचे स्वतंत्र बौद्ध राज्य होते; तेथेही पुष्कळ कॅथलिक होते, पण त्यांसही धर्मगुरू नव्हता. मुले मिस्सा म्हणजे काय हे न पाहताच मोठी होत होती, आणि म्हातारी माणसे पापांची कबुली न देताच डोळे मिटत होती.

हे ऐकून फादर वाझ ह्यांच्या जिवाची तळमळ होऊ लागली. आपणांस लंकेत पाठवावे अशी त्यांनी वरिष्ठांस विनंती केली. वरिष्ठांनी १६८१ साली त्यांस पाठविले, पण ते लंकेत नव्हे. कानडा प्रांतातील मिशनाचे प्रमुख म्हणून. तेथे काम तर कठीण होतेच, पण त्याहून दुःखदायक असा एक वाद तेथे माजला होता. पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील अधिकार खरा की रोमहून थेट नेमलेल्या बिशपांचा अधिकार खरा, ह्यावरून श्रद्धावंतांत दोन तट पडले होते. कोणाच्या हातचे साक्रामेंत घ्यावे हेच लोकांस कळेना. फादर वाझ ह्या भांडणात तेल ओतण्यास गेले नाहीत. दोन्ही बाजूंशी नम्रतेने वागून, लोकांच्या आत्म्यांचे नुकसान होऊ नये एवढेच ते पाहत राहिले. मंगळूर, बसरूर, गंगोळी ह्या भागांत पायी हिंडून त्यांनी मोडलेली देवळे उभारली, शाळा काढल्या व आजाऱ्यांस भेटी दिल्या. तीन वर्षे अशी गेली. १६८४ साली ते गोव्यास परत आले.

मनात लंका आणि हातात कानडा, अशी ही तीन वर्षे होती. ज्या कामासाठी जीव तळमळतो ते न देता देवाने दुसरेच काम पुढे टाकले, म्हणजे आम्ही बहुधा ते दुसरे काम अर्ध्या मनाने करतो, व देव आमचे ऐकत नाही असे म्हणत राहतो. फादर वाझ ह्यांनी दिलेले काम पुऱ्या मनाने केले, आणि लंकेसाठी करावयाची प्रार्थनाही सोडली नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्या काळी युरोपीय संन्यासी संघ एतद्देशीय धर्मगुरूंस आपल्यांत घेत नसत. म्हणून काही गोवेकर धर्मगुरू जुन्या गोव्यात एका टेकडीवरील पवित्र क्रुसाच्या देवळापाशी एकत्र राहून प्रार्थनेत व तपाचरणात काळ घालवू लागले होते. १६८५ साली फादर वाझ त्यांस येऊन मिळाले, व सर्वांनी त्यांसच आपले प्रमुख निवडले. संत फिलिप नेरी ह्यांच्या नियमांस अनुसरून तेथे ओरेटरीचा संघ उभा राहिला. आपल्या देशातील धर्मगुरूंनी आपल्याच बळावर चालविलेला हा संघ पुढे लंकेच्या मिशनाचा आधारस्तंभ ठरला.

गळ्यात जपमाळ, हातात झोळी

संघाची घडी बसताच फादर वाझ ह्यांनी प्रमुखपद दुसऱ्याच्या स्वाधीन केले, व १६८६ साली ते गोव्याहून निघाले. बरोबर जुआंव नावाचा एक विश्वासू सेवक होता. गाठीस पैसा जवळजवळ नव्हता. मिस्सेचे आवश्यक तेवढे सामान मात्र जपून घेतलेले होते. दक्षिणेकडे मजल दरमजल करीत ते तुतीकोरीनच्या बाजूस पोहोचले. धर्मगुरूच्या वेषात लंकेत पाऊल ठेवणे शक्य नव्हते. म्हणून सासष्टीतील प्रतिष्ठित घराण्यातील हा विद्वान पाद्री हमालाचे फाटके वस्त्र नेसून गलबतावर चढला, व १६८७ साली जाफन्यास उतरला.

उतरल्यावर प्रथम काय घडले? ज्यासाठी दहा वर्षे प्रार्थना केली त्या भूमीवर पाय पडताच अतिसाराने त्यांस गाठले. ओळखदेख कोणाची नाही, भाषा अपुरी, अंगात त्राण नाही, आणि रोग लागेल ह्या भीतीने लोक दूर सारीत होते. एका कनवाळू स्त्रीने त्यांस पेज आणून दिली व तेवढ्यावर त्यांचे प्राण वाचले, असे चरित्रकार सांगतात. त्या माउलीचे नाव कोणास ठाऊक नाही. आम्हांस वाटते की लंकेच्या मिशनाचा इतिहास लिहिताना तिच्या पेजेचा उल्लेख पहिल्या पानावर करावयास पाहिजे. ईश्वर आपल्या भक्तांचा सांभाळ करतो असे आम्ही म्हणतो, तेव्हा तो बहुधा अशा वाटीभर पेजेने करतो. आणि ती पेज कोणीतरी चुलीवर शिजवावी लागते.

थोडे बरे वाटताच त्यांनी कॅथलिकांचा शोध आरंभिला. हा शोध मोठा नाजूक होता. कॅथलिक लोक बाहेरून डच पंथाच्या देवळात जात, व आतून आपला जुना धर्म जपीत. परक्या माणसापुढे ते मन उघडे करणार नव्हते, कारण तो डचांचा हेर असण्याचा संभव होता. आणि आपण धर्मगुरू आहो असे उघड सांगितले तर फादर वाझ स्वतः पकडले जाणार होते. तेव्हा त्यांनी गळ्यात जपमाळ घातली, हातात भिकाऱ्याची झोळी घेतली, व ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. भिक्षा घालणाऱ्याची नजर जपमाळेवर क्षणभर थांबते की काय, हे ते पाहत. असे करता करता एक घर सापडले, मग दुसरे. खात्री पटल्यावर त्यांनी आपली ओळख दिली. तीस वर्षांनी त्या मुलखात धर्मगुरू आल्याची वार्ता कानोकानी पसरली.

पुढे सिल्लालै नावाच्या गावी त्यांस आसरा मिळाला. तेथील लोक श्रद्धेचे पक्के होते. दिवसा लपून राहावे, व रात्री पापांची कबुली ऐकावी, मुलांस बाप्तिस्मा द्यावा, लग्ने लावावी, आजाऱ्यांस तेलमाखण करावे, आणि उजाडण्यापूर्वी मिस्सा अर्पण करावी, असा त्यांचा क्रम असे. आपल्याबरोबर आणलेली श्रद्धा त्यांनी तेथे नव्याने पेरली असे समजणे चुकीचे होईल. ती तेथे होतीच. देवळे गेली, मूर्ती गेल्या, धर्मगुरू गेले, तरी वडीलधाऱ्या माणसांनी मुलांस प्रार्थना शिकविणे सोडले नव्हते. काहीजण भीतीने घसरले होते, हेही खरे. पण विझलेल्या राखेखाली निखारा उरला होता, आणि फुंकर घालणारा आला तेव्हा तो फुलला.

१६८९ च्या नाताळात डच अधिकाऱ्यांस ह्या गोष्टीचा सुगावा लागला, व शिपायांनी मिस्सेसाठी जमलेल्या लोकांवर छापा घातला. फादर वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. परंतु पुष्कळ श्रद्धावंत पकडले गेले, व कित्येकांस कैद व मारहाण सोसावी लागली. धर्मगुरू सुटला आणि त्याचा कळप मार खाता झाला, हे दुःख त्या कोमल अंतःकरणास किती झोंबले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. ईश्वरावर भरवसा ठेवणाऱ्याच्या वाटेत असे प्रसंग येतात, व त्यांचा उलगडा ह्या लोकी होत नाही. चरित्र गोड व्हावे म्हणून ते गाळून टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही.

बंदिवासातील देऊळ

१६९० साली फादर वाझ डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या राज्यातील पुत्तळम येथे गेले, व काही काळाने त्यांनी राजधानीची वाट धरली. तेथे राजा विमलधर्मसूर्य दुसरा राज्य करीत होता. बौद्ध राजाच्या नगरीत डचांचे भय नाही, असा हिशेब होता. परंतु राजधानीतील एका फ्रेंच कॅल्विनपंथी गृहस्थाने, हा पाद्री पोर्तुगिजांचा हेर आहे असे राजाच्या कानावर घातले. परिणामी १६९२ च्या सुमारास फादर वाझ दोन कॅथलिक सोबत्यांसह बंदिवासात पडले.

वाचकहो, येथपर्यंतचा हिशेब पाहा. लंका मागितली तेव्हा कानडा मिळाला. लंका मिळाली तेव्हा प्रथम आजार मिळाला. सिल्लालैत काम वाढले तेव्हा छापा पडला. कँडी गाठली तेव्हा तुरुंग मिळाला. वयाची चाळिशी उलटली होती. एखादा म्हणाला असता की देवाचीच इच्छा नाही, आता गोव्यास परत जावे. फादर वाझ ह्यांनी काय केले? त्यांनी सिंहली भाषा शिकावयास आरंभ केला. ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी ध्यान, आणि उरलेल्या वेळी नव्या भाषेची अक्षरे, असा त्यांचा दिवस जाऊ लागला. पळून जाण्याचा त्यांचा विचार नाही हे पाहून पहारेकऱ्यांची सक्ती हळूहळू ढिली पडली. तेव्हा त्यांनी तेथेच एक झोपडीवजा देऊळ बांधले, व मिस्सा सुरू केली. नगरातील कॅथलिक भीत भीत येऊ लागले. कालांतराने त्या झोपडीच्या जागी पवित्र मरियेच्या नावाने खरे देऊळ उभे राहिले. ज्या बंदिवासाने काम बुडावयाचे, त्यानेच त्यांस ती भाषा दिली, जिच्यावाचून सिंहली लोकांत पुढे काहीच होऊ शकले नसते.

१६९६ साली कँडीच्या मुलखात मोठे अवर्षण पडले. इतर उपाय थकल्यावर राजाने ह्या परदेशी पाद्र्यास पावसासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. फादर वाझ ह्यांनी उघड्या चौकात वेदी मांडली, तीवर क्रूस ठेवला, व गुडघे टेकून प्रार्थना केली. आणि मुसळधार पाऊस पडला. पाऊस पडत असता वेदी व प्रार्थना करणारा मात्र कोरडे राहिले, असे परंपरा सांगते. ह्या प्रसंगानंतर राजाने त्यांस धर्मोपदेश करण्याची मोकळीक दिली. चमत्काराची ही कथा आम्ही आदराने वाचतो. पण त्या गुडघ्यांस चौकात टेकण्यापूर्वी कित्येक वर्षे कोणी पाहत नसता बंदिखान्याच्या भुईवर टेकण्याची सवय झाली होती, हेही आम्ही विसरू नये.

देवीची साथ

पुढे गोव्याच्या ओरेटरीतून तीन धर्मगुरू मदतीस येऊन पोहोचले. त्यांत फादर वाझ ह्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो हेही होते. कोचीनच्या बिशपांनी फादर वाझ ह्यांस लंकेतील आपले मुख्य प्रतिनिधी नेमल्याचे वर्तमानही त्यांनी आणले. आता कामाची नीट घडी बसवावी, असा विचार चालू असता १६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ सुरू झाली.

त्या काळी ह्या रोगावर औषध नव्हते. लोकांनी घाबरून नगर सोडले. राजाही निघून गेला. ज्यांच्या अंगावर फोड उठत, त्यांस घरचीच माणसे रानात नेऊन टाकीत. अशा वेळी फादर वाझ व फादर कार्व्हाल्यो नगरात राहिले. ओस पडलेल्या घरांत त्यांनी रोग्यांस आणून ठेवले. त्यांस पेज पाजावी, जखमा धुवाव्या, घाण काढावी, मरणाऱ्यांजवळ बसावे, आणि मेलेल्यांस स्वतःच्या हातांनी माती द्यावी, हे काम महिनोन्महिने चालले. ह्यांत कॅथलिक कोण आणि बौद्ध कोण, असा भेद त्यांनी केला नाही. दहा वर्षांपूर्वी जाफन्याच्या वाटेवर एका स्त्रीने पाजलेली पेज ह्या माणसाने कँडीत शेकडो रोग्यांस परत पाजली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. ही सेवा पाहून राजाच्या मनातील उरलासुरला संशयही गेला, व फादर वाझ ह्यांस राज्यात पूर्ण मोकळीक मिळाली.

ईश्वरावर भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा अर्थ कित्येक करतात. फादर वाझ ह्यांच्या भरवशाने त्यांस एक घटकाही स्वस्थ बसू दिले नाही. देव रोग्यांची काळजी घेईल असा त्यांचा विश्वास होता, आणि म्हणूनच ते स्वतः भांडे घेऊन त्यांच्याकडे गेले.

अखेरचा उपदेश

त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत फादर वाझ सारे बेट पायी तुडवीत राहिले. डचांच्या हद्दीत ते वेष पालटून जात, व कँडीच्या हद्दीत उघडपणे. १७०५ साली आणखी धर्मगुरू आले, तेव्हा त्यांनी मिशनाचे आठ भाग करून प्रत्येक भाग एकेका धर्मगुरूच्या हवाली केला. ह्या नव्या मंडळींत दिवाडी बेटातील फादर जाकोम गोन्साल्विस होते. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके विपुल व सुंदर लिखाण केले की सिंहली भाषेतील कॅथलिक साहित्याचे ते जनक मानले जातात. बिशपपद स्वीकारण्याची सूचना फादर वाझ ह्यांस झाली होती, पण ती त्यांनी नम्रतेने नाकारली. गोव्यास ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

१७१० साली प्रकृती ढासळलेली असताही त्यांनी आणखी एक फेरी केली. परत आल्यावर तापाने व फोडांनी त्यांस अंथरुणास खिळविले. शेवट जवळ आला असे पाहून सोबतच्या धर्मगुरूंनी काही अखेरचा बोध करावा अशी विनंती केली. तेव्हा त्या थकलेल्या मुखातून जो बोध निघाला, त्याचा आशय असा होता की जी गोष्ट माणसाने जिवंतपणी करण्याचे टाळले, ती त्याच्याकडून मरणाच्या वेळी क्वचितच होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय एकोणसाठ वर्षांचे होते, व लंकेत येऊन त्यांस चोविसावे वर्ष चालू होते.

ते आले तेव्हा साऱ्या बेटात एकही कॅथलिक धर्मगुरू नव्हता. ते गेले तेव्हा तेथे धर्मगुरूंची मांड बसली होती, ठिकठिकाणी देवळे होती, आणि कॅथलिकांची संख्या सत्तर हजारांच्या घरात गेली होती, असे चरित्रकार लिहितात. कँडीत त्यांस पुरले ती नेमकी जागा मात्र आज कोणास सांगता येत नाही. पुढे तेथे छळ झाला, देऊळ पाडले गेले, आणि समाधीची खूणही बुजली. त्यांच्याच संघातील गोवेकर धर्मगुरू सेबास्तियांव द रेगु ह्यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १७४५ साली लिस्बन येथे छापले गेले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी कोलंबो येथे त्यांस धन्य म्हणून जाहीर केले, आणि वीस वर्षांनी त्याच नगरीत ते संतपदास पोहोचले. समाधी हरपली, परंतु त्यांनी ज्यांस प्रार्थना शिकविली त्यांच्या वंशजांनी ती तीन शतके तोंडी व हृदयी जपली.

आम्ही काय घ्यावे?

उत्तर कोकणातील आमच्या वाडवडिलांसही असाच काळ पाहावा लागला. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली, युरोपीय संन्यासी धर्मगुरू निघून गेले, व कित्येक देवळे ओस पडली. त्या वेळी एतद्देशीय धर्मगुरूंनी व साध्या शेतकरी आणि कोळी घरांनी श्रद्धा राखली. आज ज्युबिलीच्या दिवशी आम्ही जे देऊळ सजवितो, ते अशाच घरांच्या सायंप्रार्थनेवर उभे आहे.

म्हणून सुरुवातीस विचारलेल्या प्रश्नाकडे आम्ही परत येतो. देऊळ गेले तर आमच्या घरांत काय उरेल? ह्याचे उत्तर देऊळ गेल्यावर देता येत नाही. ते आजच्या संध्याकाळी द्यावयाचे असते. दिवेलागणीस कुटुंब एकत्र बसून जपमाळ म्हणते की नाही? आई लेकराच्या कपाळावर बोट धरून क्रुसाची खूण करावयास शिकविते की नाही? शेजारी आजारी पडला तर आमच्या चुलीवर त्याच्यासाठी पेज चढते की नाही? मनासारखे काम मिळाले नाही म्हणून आम्ही दिलेले काम टाकून देतो, की पुऱ्या मनाने करतो? संकटात देवावर भरवसा ठेवीन असे आम्ही सारेच म्हणतो. परंतु बिनसंकटाच्या साध्या दिवशी ज्याने ती सवय लावून घेतली नाही, त्यास संकटाच्या दिवशी ती अचानक कोठून येणार? कँडीत मरणशय्येवर पडलेल्या त्या संताने आपल्या सोबत्यांस सांगितले ते हेच.

ज्या प्रभूने एका अनवाणी कोकणी धर्मगुरूस जाफन्याच्या वाटेवर उपाशी मरू दिले नाही, व बंदिखान्यातही त्याचे हात रिकामे ठेवले नाहीत, तोच प्रभू आमच्या ह्या धर्मग्रामाचा सांभाळ करो. आणि संत जोसेफ वाझ ह्यांच्या विनवणीने आमच्या प्रत्येक घरात रोजची प्रार्थना व रोजची सेवा अखंड चालू राहो, हीच ह्या मंगल प्रसंगी आमची नम्र प्रार्थना आहे. आमेन.